थांबणाऱ्याची नियत

अर्ध्यावर थांबणाऱ्या माणसासाठी मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत शिव्यांचा तुटवडा नाही. मराठीत तो आरंभशूर, पळपुटा, कामचुकार, शेपूट घालणारा. उर्दूत भगोडा, कमहिम्मत, निकम्मा. परंतु योग्य वेळी, योग्य कारणासाठी जो थांबला त्याच्यासाठी एखादा चांगला शब्द शोधू लागलो, तर दोन्ही भाषांचे कोश हात वर करतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, घरात उर्दू बोलतो आणि लिहायला बसलो की मराठीत लिहितो. त्यामुळे एका भाषेत न सापडलेली वस्तू दुसरीत शोधण्याची आम्हाला सवय आहे. हा शब्द मात्र कुठेच सापडला नाही. जो शब्द भाषेत नसतो, त्याची गरज समाजाला कधी वाटलेली नसते असे म्हणतात. मग प्रश्न पडतो की, थांबणारा प्रत्येक माणूस दोषीच असतो असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे काय?

हा प्रश्न आम्हाला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. तो एका मुलामुळे पडला, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या एका नावाड्यामुळे पक्का झाला.

मुलाची गोष्ट आधी सांगतो, कारण त्यात कसूर आमचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आम्ही शाळेच्या व्हॉलीबॉल संघाबरोबर आंतरशालेय स्पर्धेला गेलो होतो. छोट्या शाळांत जो तरुण मास्तर तोच क्रीडाशिक्षक, हा अलिखित नियम वाचकांना ठाऊक असेलच. आमचा स्वतःचा खेळाशी संबंध गल्लीतल्या क्रिकेटपुरता, पण शिट्टी गळ्यात पडली. संघात नववीचा एक मुलगा होता. जाळ्याजवळ उभा राहून दुसऱ्यांसाठी चेंडू उचलून देणे हे त्याचे काम. स्वतः कधी मारत नसे, पण त्याने दिलेला चेंडू असा अलगद वर जाई की मारणाऱ्याला फक्त हात फिरवायचा बाकी राही. त्या दिवशी तो सकाळपासून गप्प होता. पहिल्या सेटनंतर आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, पैरों में जान नहीं लग रही.’’ आम्ही म्हणालो, ‘‘नाटक मत कर, खेल.’’ तो खेळला. तिसऱ्या सेटमध्ये गुण बरोबरीत असताना चेंडू त्याच्या डोक्यावर आला आणि तो हात वर करण्याऐवजी मैदानावर खाली बसला. चेंडू बाजूला पडला. त्या एका गुणानंतर मुलांचा धीर सुटला आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात, पन्नास मुलांसमोर, आम्ही त्याला उभे केले आणि म्हणालो की मैदानात बसणारा मुलगा आयुष्यात कुठेच उभा राहू शकत नाही. वाक्य आम्हाला तेव्हा फार आवडले होते. मुलगा काही बोलला नाही. आठवड्याने त्याची अम्मी शाळेत आली, हातात डॉक्टरांचा कागद घेऊन. मुलाला कावीळ झाली होती. ती तक्रार करायला आली नव्हती. रजेचा अर्ज द्यायला आली होती. आम्ही अर्जावर सही केली आणि दुसऱ्या तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेलो.

बी.एड.ला असताना वैयक्तिक भिन्नता या विषयावर आम्ही पंधरा गुणांचे उत्तर पानभर लिहिले होते आणि बारा गुण मिळवले होते. पण ते उत्तर परीक्षेच्या हॉलमध्येच राहिले.

आता नावाड्याची गोष्ट. नाशिकहून मालेगावकडे नातेवाइकांकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवड लागते. तालुका दुष्काळी. उन्हाळ्यात या भागात पाण्याचे टँकर दिसणे नवलाचे नाही. याच तालुक्यातल्या तळेगाव रोही या गावात १९९१ साली दत्तू बबन भोकनळचा जन्म झाला. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. शाळेत असतानाच दत्तूही वडिलांबरोबर विहिरीत उतरू लागला. २०११ मध्ये वडील वारले. घरातला थोरला मुलगा म्हणून भार त्याच्यावर आला. त्याने पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली, मिळेल ती मजुरी केली आणि २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला. पुण्यात, लष्कराच्या नौकानयन केंद्रात, कुदरत अली या प्रशिक्षकांनी त्याला पहिल्यांदा नावेत बसवले. उंच, हाडापेराने भक्कम गडी, पण पाण्याची भीती वाटत होती. वाटणारच. ज्या मुलाने पाणी शोधण्यासाठी खडक फोडला, त्याने एवढे पाणी एका जागी पाहिले होते कुठे?

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. २०१४ मध्ये इंचेऑन आशियाई स्पर्धेत एकेरी शर्यतीत तो पाचवा आला. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई नौकानयन स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या पात्रता स्पर्धेतून त्याने ब्राझीलमधल्या रिओ ऑलिंपिकचे तिकीट मिळवले. त्या ऑलिंपिकला भारताकडून गेलेला तो एकटाच नावाडी होता. त्या वर्षी त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून रुग्णालयात बेशुद्धावस्थेत होती. मुलाला ओळखण्याच्या स्थितीत नव्हती. दत्तू रिओला गेला, तेथल्या सरोवरात वल्ही मारली आणि तेरावा आला. पदकांच्या यादीत तेराव्याला जागा नसते. पण चांदवडच्या कोरड्या विहिरीपासून रिओच्या सरोवरापर्यंतचे अंतर ज्यांना मोजता येते, त्यांच्या लेखी तेरावा हा आकडा लहान नाही.

येथे एक क्षण थांबून वाचकांनी स्वतःला विचारावे. आई बेशुद्ध असताना मुलगा परदेशी शर्यतीला गेला, हे बरोबर की चूक? आपल्याकडे आईची खिदमत सर्व सत्कृत्यांच्या वर मानली जाते. तो गेला नसता तर क्रीडाप्रेमींनी म्हटले असते, ‘हिंमत हरला’. तो गेला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांतले कोणी म्हणाले असेल, ‘आईपेक्षा नाव मोठे झाले’. बाहेरच्या माणसाला दोन्हीकडून बोलायला जागा होती. आत काय चालले आहे हे मात्र एकालाच ठाऊक होते.

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातील पालेमबांग शहरात आशियाई स्पर्धेच्या नौकानयनाच्या शर्यती चालू होत्या. २३ तारखेला एकेरी शर्यतीची अंतिम फेरी झाली. दत्तू तीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. नुसता शेवटचा नव्हे. इतरांच्या कितीतरी मागून, मध्येच थांबून, कसाबसा त्याने शेवट गाठला. त्याला ताप होता. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू चौघांच्या नावेत बसला. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ, चौघेही लष्करातले. त्या नावेने सुवर्णपदक जिंकले. आदल्या दिवशी भारतीय नावाड्यांच्या हाती काहीच लागले नव्हते. त्यामुळे या सुवर्णाला विशेष झळाळी आली.

त्याच दिवशी, त्याच पाण्यात, दुष्यंत चौहान या दुसऱ्या भारतीय नावाड्याने कमी वजनी गटाच्या एकेरी शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तो इतका झिजला होता की शर्यत संपल्यावर त्याला स्वतःच्या पायांवर धड उभे राहता येईना. त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. एक नावाडी आदल्या दिवशी थांबला, दुसरा कोसळेपर्यंत थांबला नाही. आपल्याला दुसरा लगेच आवडतो. त्याची छायाचित्रे छापली जातात, त्याच्यावर परिपाठात बोलता येते. पहिल्याचे काय करायचे हे कळत नाही.

महासंघाला मात्र ते कळले. मार्च २०१९ मध्ये भारतीय रोइंग महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो मध्येच थांबला, हा ठपका. दत्तूचे म्हणणे असे होते की प्रकृती बिघडलेली होती आणि आपण नावेतून पडलो. पुढे जानेवारी २०२० मध्ये ही बंदी उठवण्यात आली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. एकाच स्पर्धेतले दोन लागोपाठचे दिवस. एका दिवसासाठी बंदी, दुसऱ्या दिवसाच्या सुवर्णासाठी गौरव. माणूस तोच, ताप तोच.

बंदीची बातमी आम्ही शिक्षकखोलीत वर्तमानपत्रात वाचली. वाचताना आमच्या डोळ्यांसमोर पालेमबांग आले नाही. मैदानावर खाली बसलेला तो नववीचा मुलगा आला.

महासंघाची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. न्याय करायचा तर दोन्हीकडचे ऐकले पाहिजे. खेळाडूच्या छातीवर देशाचे नाव असते. त्याच्या प्रशिक्षणावर, प्रवासावर, नावेवर सार्वजनिक पैसा खर्च झालेला असतो. त्याच्या जागेसाठी दुसरा कोणीतरी घरी बसलेला असतो. ही सगळी अमानत आहे. अमानत हाती असलेल्या माणसाने ‘मला वाटले म्हणून थांबलो’ एवढे म्हणून चालत नाही. त्याला जाब विचारला जाणे योग्यच आहे. शिवाय सगळ्यांचेच थांबणे माफ केले तर वर्ग चालायचा कसा, संघ उभा राहायचा कसा, ही चिंता आम्हाला रोज सकाळी हजेरी घेताना पडते. पोटदुखीचे दहा अर्ज आले तर त्यातली सहा पोटे मधल्या सुट्टीत बरी होतात.

म्हणजे प्रश्न असा उरतो की खरे थांबणे आणि खोटे थांबणे वेगळे ओळखायचे कसे? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. येथे व्हॉलीबॉलचे एक उदाहरण उपयोगी पडेल, आणि तेही ब्राझीलचेच.

व्हॉलीबॉल हा परस्परांवर विसंबण्याचा खेळ आहे. चेंडू धरून ठेवता येत नाही. एका खेळाडूला तो लागोपाठ दोनदा हाताळता येत नाही. तीन स्पर्शांत तो जाळ्यापलीकडे गेला पाहिजे. त्यामुळे कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याचा चेंडू कोणीतरी उचलून दिल्याखेरीज त्याला मारता येत नाही. या खेळात गेल्या काही दशकांत ब्राझीलच्या पुरुष संघाने फार मोठे नाव मिळवले. १९९२, २००४ आणि २०१६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्याकडे आहेत. २००४ च्या सुवर्णाचा एक शिल्पकार गिबा हा खेळाडू. त्याच्या काळात ब्राझीलने २००२, २००६ आणि २०१० अशी लागोपाठ तीन विश्वविजेतेपदे जिंकली. आमच्या संघातल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक होते. सायबर कॅफेत जाऊन त्याच्या उड्या ते पाहून येत.

त्यातले २०१० चे विश्वविजेतेपद मात्र एका डागासह आले. इटलीत स्पर्धा होती, गिबा संघाचा कर्णधार होता. ऑक्टोबरमध्ये अँकोना शहरात ब्राझीलचा सामना बल्गेरियाशी होता. स्पर्धेची रचना अशी विचित्र की हा सामना हरणाऱ्याला पुढच्या फेरीत सोपा गट मिळणार होता. दोन्ही संघांनी आपले काही प्रमुख खेळाडू बसवून ठेवले. ब्राझीलकडे तर चेंडू उचलून देणारा नेहमीचा खेळाडूच मैदानावर नव्हता. हे काम ज्याचे नव्हे त्याला ते दिले गेले. जगज्जेता संघ सरळ तीन सेटमध्ये हरला. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांच्या ध्यानात सगळे आले. त्यांनी हुर्यो उडवली, काहींनी मैदानाकडे पाठ फिरवली. पण ब्राझील सोप्या गटात गेला आणि पुढे रोममध्ये अंतिम सामन्यात क्यूबाला हरवून करंडक घेऊन घरी परतला. तो करंडक आजही त्यांच्याच नावावर आहे.

दोन वर्षांनी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत हाच प्रकार घडला. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या सोपी वाट मिळावी म्हणून मुद्दाम हरण्याचा प्रयत्न करताना दिसल्या. तेथे मात्र आठही खेळाडूंना स्पर्धेतून बाद करण्यात आले.

आता या सगळ्या थांबण्यांना एका ओळीत उभे करून पाहा. अँकोनाचे खेळाडू थांबले नव्हते. ते धावत होते, उड्या मारत होते, घाम गाळत होते. बाहेरून पाहणाऱ्याला खेळ चालू दिसत होता, आत तो केव्हाच थांबला होता. पालेमबांगच्या नावाड्याचे उलट. त्याची नाव थांबली. पण त्याच्या आत काहीतरी चालू होते, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नावेत बसला. शिक्षा कोणाला झाली? ज्याचे थांबणे डोळ्यांना दिसले त्याला. ज्यांनी दिसू न देता थांबण्याची युक्ती केली, ते विश्वविजेते ठरले.

आपल्याकडे लहान मुलालाही शिकवले जाते की कर्माची किंमत नियतीवर ठरते. येथे नियत म्हणजे प्रारब्ध नव्हे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. नियत म्हणजे मनातला हेतू. नमाजला उभे राहण्याआधी, रोजा धरण्याआधी नियत करावी लागते. परंतु हा नियम आपण स्वतःसाठी वापरतो, दुसऱ्यासाठी नाही. स्वतः थांबलो की कारण सांगतो, दुसरा थांबला की त्याचा स्वभाव सांगतो. ‘मला ताप होता’ आणि ‘तो मुळातच आळशी’, या दोन वाक्यांत आपले अर्धे नीतिशास्त्र सामावलेले आहे.

कोणी म्हणेल, नियत तर फक्त अल्लाहला ठाऊक, मग माणसाने न्याय करायचाच नाही काय? करायचा. पण नियत दिसत नसली तरी तिच्या खुणा दिसतात, आणि त्या पाहण्याची तसदी घेतली पाहिजे. आम्हाला तीन खुणा सुचतात. पहिली, थांबण्याआधी हा माणूस कसा चालत होता? ज्याने वडिलांबरोबर विहिरी खोदल्या, रात्रभर पेट्रोल पंपावर उभा राहिला, पाण्याची भीती घालवून ऑलिंपिक गाठले, त्याच्या एका दिवसाच्या थांबण्याकडे पाहताना मागची वर्षे नजरेआड करता येतील काय? दुसरी, थांबून त्याला काय मिळाले? ब्राझीलला सोपा गट मिळाला. दत्तूला शेवटचा क्रमांक मिळाला. तिसरी, थांबल्यानंतर त्याने काय केले?

या तिसऱ्या खुणेपाशी एक अवघड शंका उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्या दिवशी चौघांची शर्यत आहे हे दत्तूला ठाऊक होते. समजा, त्याने उरलेली ताकद त्या शर्यतीसाठी राखून ठेवली असेल, तर? मग त्याच्यात आणि अँकोनाच्या संघात फरक काय? तसे घडले असे आम्ही म्हणत नाही. त्याने प्रकृतीचेच कारण सांगितले आहे. पण केवळ विचारासाठी तसे मानले, तरी आम्हाला फरक दिसतो. अँकोनाला स्वतःचा लाभ व्हावा म्हणून प्रतिस्पर्ध्यांना आणि प्रेक्षकांना फसवले गेले. येथे थांबणाऱ्याने नुकसान सोसले ते फक्त स्वतःचे. एकेरीच्या नावेत तो एकटा होता, बुडाले तर त्याचेच नाव बुडणार होते. चौघांच्या नावेत आणखी तीन माणसांची वर्षे होती. स्वतःच्या वाट्याचे सोडून दुसऱ्यांच्या वाट्याचे जपणे याला फसवणूक म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे. आमच्यापुरते सांगायचे तर, चेंडू स्वतः न मारता उचलून देणाऱ्या मुलाचे काम याहून फार वेगळे नसते.

नौकानयनाची एक गंमत आहे. नावाडी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. जिथे जायचे आहे ते त्याला दिसत नाही, जे मागे पडले तेच दिसते. पुढे असणाऱ्याला मागचे सगळे दिसतात. सर्वांत मागे असणाऱ्याला समोर कोणीच दिसत नाही. फक्त मोकळे पाणी आणि आपल्याच नावेने उमटलेली रेघ. अंगात ताप, समोर रिकामे पाणी, पाठीमागे न दिसणारी रेषा. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला हातातल्या घड्याळात त्याची वेळ दिसते. पण घड्याळ ताप मोजत नाही.

आपल्या रोजच्या धर्माचरणात या प्रश्नाची एक वाट फार पूर्वीपासून आखलेली आहे, हे आम्हाला उशिरा ध्यानात आले. रमजानमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा न धरण्याची मुभा आहे. तिला रुखसत म्हणतात. कठीण असूनही पूर्ण पाळले तर ती अजीमत. दोन्ही शब्द मानाचे आहेत. रुखसत घेणारा पळपुटा ठरत नाही. त्याच्यावर एवढेच बंधन की बरा झाल्यावर राहिलेले रोजे भरून द्यावेत, कजा करावी. आणि आजार किती हे ठरवायला दाराशी कोणी अंमलदार उभा राहत नाही. हकीम सल्ला देतो, पण शेवटचा निर्णय त्या माणसाच्या इमानावर सोडलेला असतो. लेखाच्या आरंभी आम्ही म्हटले की थांबणाऱ्यासाठी चांगला शब्द नाही. शब्द होता. आम्ही तो रमजानच्या महिन्यापुरता बांधून ठेवला होता. पालेमबांगच्या २३ तारखेला आम्ही रुखसत म्हणू, २४ तारखेला कजा. दुष्यंत चौहानच्या शर्यतीला अजीमत. एकाला मान देण्यासाठी दुसऱ्याला दूषण द्यायची गरज नाही.

हा सगळा विचार खेळापुरता असता तर आम्ही वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. आमच्या वस्तीत, आमच्या शाळांत, थांबण्याचा प्रश्न खेळापेक्षा फार मोठा आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की देशातील ६ ते १४ वयोगटातली सुमारे पाव मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. सरकारी कागदावर याला गळती म्हणतात. जणू नळ नीट बंद झाला नाही म्हणून मुले थेंबथेंब गळून गेली. घरोघर याला वेगळे शब्द आहेत. बाप म्हणतो, ‘पढ़ने में दिल नहीं था’. मास्तर म्हणतात, ‘ह्यांच्यात शिक्षणाची आवडच नाही’. बाहेरचे लोक संपूर्ण समाजाविषयी हेच म्हणतात, आणि तेव्हा आपल्याला राग येतो. पण वर्गातून उठून गेलेल्या एका मुलाविषयी आपण तेच म्हणतो तेव्हा येत नाही. त्या मुलाचा ताप कोणी पाहिला? वडिलांचा हात मशीनमध्ये गेला होता का, बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते का, घरापासून माध्यमिक शाळा दूर होती का, की एखाद्या मास्तराने पन्नास मुलांसमोर एक छानसे वाक्य बोलून त्याला बसवले होते?

दत्तू भोकनळवरची बंदी उठली, कारण त्याच्यापाशी पदके होती, नाव होते, वर्तमानपत्रे त्याची बातमी देत होती. आमच्या त्या मुलापाशी यातले काही नव्हते. कावीळ बरी झाल्यावर तो शाळेत आला, पण संघात पुन्हा आला नाही. आम्हीही बोलावले नाही. दहावी झाला आणि आमच्या नजरेतून गेला. त्याच्यावरची बंदी कोणी घातली असे विचाराल, तर ती कुठल्या कागदावर नाही. ती घालणारे आम्ही. आणि ती उठवण्याचा अधिकारही आमचाच होता, तो आम्ही कित्येक वर्षे वापरला नाही.

गेल्या वर्षी द्वारकेजवळ आमच्या मोटारसायकलचे चाक बसले. जवळच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. गाडीखालून जो तरुण बाहेर आला त्याने आधी सलाम केला, मग हात पुसले. आम्ही ओळखले. चाक काढून होईपर्यंत आम्ही स्टुलावर बसून होतो. काय बोलावे ते सुचत नव्हते. शेवटी म्हणालो की त्या वर्षी मैदानावर तू बसलास तेव्हा तुला खरेच बरे नव्हते, आणि आम्ही वर्गात जे बोललो ते चूक होते. तो हसला. म्हणाला, ‘‘सर, वो तो आप भूल गए होंगे, ऐसा समझा था.’’ म्हणजे तो विसरलेला नव्हता. आम्ही विचारले, खेळतोस का अजून? म्हणाला, रविवारी सकाळी, गॅरेज उघडायच्या आधी, पाच-सहा जण जमतात. जाळे त्यानेच आणले आहे.

आम्ही विचारले, उचलून देतोस की मारतोस?

‘‘देतो,’’ तो मराठीत म्हणाला, बहुधा शेजारी उभ्या गिऱ्हाइकालाही कळावे म्हणून. ‘‘मारायला सगळेच तयार असतात, सर.’’

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. आम्ही आग्रहाने दिले. कावीळ झालेल्या मुलाला पन्नास जणांसमोर उभे केले होते. माफी मात्र गॅरेजमध्ये, एका गिऱ्हाइकासमोर मागितली. हिशेब अजून पुरा झालेला नाही. आता वर्गात एखादे मूल अर्ध्यावर बसले की आमच्या जिभेवर जुने वाक्य अजूनही येते. ते गिळून आम्ही आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो. कधी कपाळ थंड असते आणि मूल मिश्कील हसते. ते फसवणूक करून जाते, हे आम्हाला कळते. चालेल. दहा लबाडांकडून फसलो तरी चालेल, एका आजारी मुलाला भगोडा म्हणण्याची पाळी पुन्हा येऊ नये.